आत्ताच जेवले

आमच्या बिल्डिंगमध्ये एकमेकांच्या मुलांच्या नोकऱ्यांची चौकशी फार. कुणाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, कुणाची बँकेत, एकाचा कॅनडात ट्रक चालवतो, पण त्याची आई ‘ट्रान्सपोर्टमध्ये आहे’ एवढंच सांगते. माझ्यावर पाळी आली की माझी पंचाईत होते. मुलगी आफ्रिकेत असते, इथवर ठीक. तिथे करते काय? तर भूक मोजते. म्हणजे गावोगाव, घरोघर प्रश्न विचारून किती माणसं उपाशी झोपतात ते शोधायचं, आणि मग धान्य कुठे पाठवायचं ते वरची मोठी माणसं ठरवतात. जगातून भूक हटवायची म्हणून जी काही खटपट चालते, तिच्यातलं हे एक टोक. खालच्या मजल्यावरच्या काकांनी हे नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्यात मोजायचं काय, उपाशी माणूस दिसतोच की. दिसत नाही हो काका, मी म्हटलं, तसं असतं तर काय हवं होतं. आणि जिना चढून वर आले. तेव्हा माझ्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं, आणि काकांना ते दिसलं नव्हतं.

मी सातपूरला एकटी राहते. आमचे हे इथल्याच एका कारखान्यात होते, मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे. तीन पाळ्यांची नोकरी, त्यामुळे आमच्या घराला जेवायची ठरलेली वेळ म्हणून नव्हती. हे दुसऱ्या पाळीला असले की मुलीला आधी वाढायचं आणि आपण थांबायचं. हे कितीदा म्हणायचे, तू जेवून घेत जा. मी नाही जेवायचे. त्यात काही पतिव्रतापण वगैरे नव्हतं हो, मला एकटीला घास जायचाच नाही. लहानपणी सायखेड्याच्या घरी पंधरा-वीस माणसांची पंगत बसायची, तिथून मी आलेली. एकटं जेवणं म्हणजे आजारी माणसाचं जेवण, असंच माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

हे गेले त्याला चार वर्षं झाली. मुलगी आली, सगळे दिवस होईपर्यंत राहिली, आणि परत जायच्या आधी माझ्यासमोर बसून म्हणाली, "आई, एक लक्षात ठेव. तू नीट जेवत नाहीस असं मला कळलं ना, तर त्याच दिवशी मी राजीनामा देईन आणि इथे येऊन राहीन." ती हट्टी आहे, बोलते ते करते. मी म्हटलं, काय वेडी आहेस का, मी का नाही जेवणार, मला काय धाड भरलीय. तिला बरं वाटलं आणि ती गेली.

पहिले काही महिने मी खरंच रांधत होते. मग हळूहळू ते सुटलं. लोकांना वाटतं माणूस दुःखाने जेवायचं सोडतं. तसं काही झालं नाही. नुसता कंटाळा. एकटीसाठी कुकर कोण लावणार? वाटीभर तांदळासाठी तेवढाच गॅस, तेवढ्याच शिट्ट्या, तेवढीच भांडी. दोन पोळ्यांची कणीक मळायला घेतली की परातीत हरवून जाते. आज राहू दे, उद्या करू, असं म्हणत म्हणत रात्रीचं जेवण गेलं. मग दुपारचंही कधी असायचं, कधी नाही. चहा-खारी, मूठभर शेंगदाणे, फार झालं तर दहीपोहे. ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा एकेक टीप आत घातली.

आणि घरात काही नव्हतं असं नाही. माझा भाऊ सायखेड्याला भाजीपाला करतो. त्याची गाडी मार्केटला येते तेव्हा आठवड्याची एक पिशवी माझ्याकडे टाकून जाते. फ्लॉवर, टोमॅटो, ताजी कोथिंबीर, गिलकी. ती पिशवी मी शेजारी वाटायचे, जिना झाडायला येणाऱ्या बाईला द्यायचे. ताई तुम्हाला ठेवा की थोडी, ती म्हणायची. मी म्हणायचे, आहे गं भरपूर. अन्नाचा तोटा नव्हताच. तोटा कशाचा होता ते बोलून दाखवायची मला लाज वाटायची.

संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, जेवलीस का? हो गं, आत्ताच जेवले. काय केलं होतंस? आता रोज नवीन काय सांगणार? पण आमच्या बिल्डिंगला मधोमध डक्ट आहे, आणि शेजारणीच्या फोडणीचा वास थेट माझ्या स्वयंपाकघरात येतो. तिच्याकडे जे शिजायचं ते मी सांगायचे. मेथी असली तर मेथी, पिठलं असलं तर पिठलं. एकदा वरच्या मजल्यावर सुकट भाजली, शेजारणीकडे बहुतेक शिरा होता, आणि मी शाकाहारी बाई भलतीच अडचणीत सापडले. त्या दिवशी खिचडीवर भागवलं. कधी तिला शंका आली तर मी फोन फिरवून ओटा दाखवायचे. लख्ख पुसलेला, एक भांडं इकडचं तिकडे नाही. बघ, सगळं आवरून झालंय. तिचं समाधान व्हायचं आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

का खोटं बोलत होते? तिच्या कामासाठी, असं मी स्वतःला सांगत होते. ती ज्या देशात होती तिथे दोन पावसाळे कोरडे गेले होते. ती सांगायची, बायका पहाटेपासून रांगेत बसतात, लॉऱ्या रस्त्यात अडकतात, एका घरात विचारायला जावं तर अख्खी वस्ती गोळा होते. त्यातच श्रीमंत देशांनी हात आखडता घेतला. तिच्या ऑफिसातली निम्मी माणसं कमी झाली आणि त्यांचं काम हिच्या अंगावर पडलं. अशा वेळी मी तिला सांगू, की बाळा, तुझ्या आईला एकटीला कुकर लावायचा कंटाळा येतो? आणि ती सगळं सोडून इथे येऊन बसेल? तिकडच्या बायकांसमोर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी आत्ताच जेवले म्हणत राहिले.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर ती आली. सुट्टीवर नव्हे, कामासाठी. जगात बऱ्याच ठिकाणी तेच प्रश्न विचारून पाहायचे होते आणि एक भाग आमच्या जिल्ह्यातला होता. निफाडच्या बाजूला द्राक्षबागांची छाटणी सुरू होती. छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजूर कुटुंबं येतात, बागेच्या कडेला पालं टाकून राहतात. त्यांना भेटायचं होतं. ती माझ्याकडेच उतरली आणि माझ्या घरात दोन-अडीच वर्षांनी रोज दोन वेळा स्वयंपाक झाला. मी भरल्या वांग्यापासून कढीपर्यंत सगळं केलं आणि तिच्याबरोबर बसून पोटभर जेवले. मला भूक लागत होती! मलाच नवल वाटलं. तिने एकदा माझ्या दंडाला हात लावून विचारलं, आई, बारीक झालीस का गं? मी म्हटलं, वय झालं, आता काय गुबगुबीत होणार आहे का.

प्रश्नांचं मराठी तिने मला वाचायला दिलं. मास्तरीण ना मी. मी तिला स्पष्ट सांगितलं, ही भाषा सरकारी आहे, बागेतल्या बाईला ती कळायची नाही. ती हसली आणि म्हणाली, मग तूच चल बरोबर, तू बोल. मी लगेच पातळ बदललं. तिच्याबरोबर दिवसभर फिरायला मिळणार, याहून मला काय हवं होतं.

दुपारच्या सुट्टीत आम्ही पहिल्या पालापाशी पोहोचलो. माझ्या मुलीपेक्षा लहान वयाची एक बाई, कडेवर पोर, दुसरं पदराला धरून. तिने आम्हाला गोणपाट अंथरलं. मुलीने सुरुवात केली, जेवण झालं का? झालं, ती म्हणाली. मग पुढचे प्रश्न. या दिवसांत कधी जेवण चुकवावं लागलं का? नाही. पोटाला कमी पडलं? नाही. एखादा दिवस उपाशी काढला? नाही, नाही. ती हसून प्रत्येकाला नाही म्हणत होती आणि माझी मुलगी टॅबवर खुणा करत होती. मी मात्र तिच्या चुलीकडे बघत होते. तीन दगड, थंड राख. शेजारी एकच पातेलं, घासून लख्ख केलेलं, पालथं घातलेलं. भरदुपारी, दोन पोरांच्या घरात.

गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, या वस्तीत तसं बरं चाललेलं दिसतंय. ते पातेलं मला कळलं होतं, आणि हिला कसं समजावायचं तेही मला माहीत होतं. पण एकदा तिला हे समजलं की माझा ओटा किती दिवस टिकणार? खिडकीबाहेर बघत राहिले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. फक्त त्या बाईच्या नावापुढे सगळं ठीक अशी खूण राहिली असती, आणि ती खूण बघूनच पुढे कुणीतरी ठरवणार होतं. ते कडेवरचं पोर काही डोळ्यांपुढून हलेना.

मी म्हटलं, "अगं, ती जेवलेली नाही. इथे दारात कुणी जेवलात का विचारलं की झालंच म्हणतात. नाही म्हटलं तर ते मागणं होतं. विचारणाऱ्याने मग वाढायला हवं. तू तिला वाढणार होतीस का?"

ती म्हणाली, मग विचारायचं कसं? मी म्हटलं, नळावर बायका एकमेकींना विचारतात तसं. जेवलीस का नाही, काय केलं होतंस ते विचार. काल रात्री चुलीवर काय ठेवलं होतं? जे नव्हतंच ते मांडून सांगताना माणूस अडखळतं.

तिने गाडी मागे घ्यायला लावली. या वेळी मी एकटीच त्या बाईजवळ बसले. पोराला मांडीवर घेतलं, आमच्या सायखेड्याचं, गोदावरीच्या पुराचं काहीबाही बोलले, आणि सहज म्हटलं, काल रात्री काय केलं होतं गं? ती खाली बघून म्हणाली, "भात व्हता थोडा. पोरांना घातला." आणि आज सकाळी? सकाळी चहा. तेवढंच. मुलगी मागे उभी होती, तिने टॅब बंदच ठेवला. त्यानंतरच्या पालांमध्ये तिनेच तसं विचारलं आणि सगळी उत्तरं बदलली. परत येताना तिने माझा हात हातात धरून ठेवला होता. तिकडच्या ऑफिसला हे कळवते, म्हणाली, तिथेही लोक असंच करत असणार, आमच्या ध्यानातच आलं नाही. माझा ऊर भरून आला. पण आत कुठेतरी धाकधूकही होती.

तिला जायला दोन दिवस उरले होते. दुपारी कढी उकळत असतानाच गॅस संपला. दुसरी टाकी केव्हाची रिकामी पडलेली. तिने लगेच बुकिंग केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवाला आला. नेहमीचाच, मला ओळखतो. टाकी आत सरकवत हसून म्हणाला, "मावशी, किती महिन्यांनी! मला वाटलं तुम्ही मुलीकडेच राहायला गेल्या."

मुलगी माझ्या मागेच उभी होती. टाकीवाला गेला. तिने दार लावून घेतलं, स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली, "मी यायच्या आदल्या रात्री काय केलं होतंस?"

पिठलं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. शेजारणीकडे त्या रात्री पिठलंच होतं, मला चांगलं आठवत होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, तिला आता बघता येत होतं, आणि माझ्याने ते सांगवेना.

"काही नाही," मी म्हटलं.

"त्याच्या आदल्या रात्री?"

"चहा."

ती खालीच बसली, फरशीवर, आणि रडायला लागली. मग चिडली. म्हणाली, मी तिकडे परक्या बायकांच्या दारात बसून त्यांना जेवणाचं विचारते आणि माझी आई मला ओटा पुसून दाखवते. आमच्या प्रत्येक प्रश्नात ‘पैशाअभावी’ असं असतं आई, तुझ्या घरी पिशवीभर भाजी येतेय, तुला मी कुठे मांडू? म्हणाली, फसवलंस मला. मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. आता राजीनाम्याचं येणार. त्यावर काय बोलायचं ते माझं तीन वर्षं पाठ होतं. तुझी इथे नाही, तिथे गरज आहे. मी अजून चालतीफिरती आहे. एका म्हातारीच्या दोन पोळ्यांसाठी कुणी असली नोकरी सोडतं का? ठासून सांगायचं, ओरडायचं, वेळ पडली तर अबोला धरायचा. मी कंबर कसून उभी होते.

ती उठली, तोंड धुतलं आणि फोन घेतला. शेजारणीला विचारलं, कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं, आणि तासाभरात मागच्या गल्लीतली एक डबे देणारी बाई शोधून काढली. तिला घरी बोलावलं. सकाळी पोळी-भाजी, संध्याकाळी भाकरी, तिखट बेताचं, एकादशीला काय, बाई गावाला गेली तर कोण देणार, सगळं विचारून घेतलं. माझ्या मुलीला काम करताना मी पहिल्यांदाच एवढं जवळून पाहिलं. शांत, पक्की, एक गोष्ट विसरत नाही. अन्न कुणापर्यंत कसं पोहोचवायचं, हेच तर ती करते. मी दिवाणावर बसून बघत होते. राजीनाम्याचा शब्द काही निघाला नाही. रात्री आम्ही दोघी जेवलो, तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईची गाडी आली. मी तिच्या हातावर दही घातलं. तिने वाकून नमस्कार केला, मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "आता मला काळजी नाही गं आई." मोकळी दिसत होती, किती दिवसांनी. मीही म्हटलं, तर काय, आता कशाची काळजी, तू तुझं काम कर निवांत. गाडी वळेपर्यंत खाली उभी राहिले. काकांनी विचारलं, गेली का? गेली म्हटलं.

दुपारी डबा आला. फ्लॉवरची भाजी, तीन पोळ्या, आमटी, भात आणि वर लिंबाची फोड. खोटं कशाला बोलू, चांगला होता डबा. पोळ्या मऊ होत्या, आमटीला छान आंबटगोड चव होती. मी ताटात वाढून घेतलं आणि सगळं संपवलं. मग तशीच बसून राहिले. खरकटा हात वाळून गेला तरी उठले नाही.

तिला कळू नये म्हणून मी तीन वर्षं एवढी धडपड केली. तिची नोकरी, तिकडच्या रांगेतल्या बायका, त्या लॉऱ्या, सगळं खरं होतं, त्यातलं एक अक्षर खोटं नाही. आणि ती गेली ते बरोबरच केलं. मी तिच्या जागी असते तर मीही गेले असते, आणि तिने राहते म्हटलं असतं तर मीच तिला हाकललं असतं. पण तिने एकदा म्हणायला हवं होतं. मला किती हवं होतं ते त्या खरकट्या हाताने बसले तेव्हा कळलं. कळल्यावर ती येईल की नाही, ही परीक्षा मला कधी घ्यायचीच नव्हती. तिला ठाऊक नव्हतं तोवर मी रोज उपाशी झोपताना म्हणू शकत होते, की नुसतं सांगितलं तरी ती येईल.